लिहायचं गोर्ड, म्हणायचं गोड

बालवाडीचं दार बंद होतं. आत काळोख, बुटांच्या रॅकवर एकही बूट नाही, नि काचेला आतून एक कागद चिकटवलेला, त्यावर जाड मार्करने चारच शब्द. वी एर पो गोर्डेन. दुपारचे चार वाजलेले पण स्वीडनमधल्या गोथेनबर्गला नोव्हेंबरात चार म्हणजे रात्रच, आणि मी ओल्या पायरीवर उभी राहून तो कागद परत परत वाचत होते. आम्ही गोर्डवर आहोत. गोर्ड हा शब्द मला येत होता. मोबाइलवर स्वीडिश शिकायचं जे ॲप होतं त्याने तो पहिल्याच महिन्यात शिकवला होता, चित्रासकट, लाल रंगाचा लाकडी गोठा, एक गाय, एक ट्रॅक्टर. गोर्ड म्हणजे शेतकऱ्याचं शेतघर. म्हणजे माझ्या तीन वर्षांच्या मुलीला ही माणसं कुठल्यातरी शेतावर घेऊन गेली, मला न सांगता, या अंधारात, या पावसात. पोटात गोळा आला. नवऱ्याला फोन लावला तर तो मीटिंगमधे, उचलला नाही. आणि तेवढ्यात इमारतीच्या मागून पोरांचा कलकलाट ऐकू आला.

मी जवळजवळ धावतच वळसा घालून मागे गेले. तिथे लाकडी कुंपणाच्या आत, खांबावरच्या दिव्याच्या उजेडात, पंधरा-वीस पोरं रेनकोटची पँट आणि चमकणारी पिवळी जॅकेटं घालून ओल्या वाळूत खड्डे खणत होती. माझी लेक त्यात होती, गालावर चिखल, हातात निळं फावडं. ताईंनी लांबूनच हात केला. मला बोलायला काही सुचेना, मी नुसती त्या कुंपणाला धरून उभी राहिले. गोर्ड म्हणजे हे. बालवाडीमागचं अंगण.

त्या दिवसापासून हा शब्द माझ्या मागे लागलाय, आता आठ वर्षं होतील. स्वीडिशमधे तो इतका साधा, इतका रोजचा आहे की स्वीडिश माणसाला त्यात सांगण्यासारखं काही वाटतच नाही, आपल्याला 'घर' या शब्दात वाटत नाही तसं. (घर मुद्दाम म्हणतेय, त्याच्याकडे येतेच नंतर.)

आधी उच्चार, कारण मला तो फार आवडतो. लिहिताना त्यात र आहे, पण बोलताना र नि द शेजारी आले की स्वीडिश माणूस दोघांचा मिळून एकच आवाज करतो, जीभ मागे वळवून टाळूला लावतो, म्हणजे आपला ड. शुद्ध मराठी ड. त्यामुळे गोर्ड असं लिहिलेला शब्द कानाला 'गोड' असा ऐकू येतो, ओ जरा लांबवलेला, बस्स. लाडू गोड आहे मधला गोड. तसंच मूल म्हणजे बार्न, ते ऐकू येतं 'बाण'. माझ्या स्वीडिशच्या वर्गातल्या इतर देशांच्या लोकांना हे ड नि ण काही केल्या जमत नसत, आणि मला मात्र बाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं की हे तू कुठे शिकलीस. मी म्हटलं आमच्या बाराखडीत आहे. परक्या देशात पहिल्या वर्षी आपण सगळ्याच गोष्टीत कच्चे असतो, दुकानात, बँकेत, डॉक्टरकडे, आणि तेव्हा आपल्या तोंडात आधीपासून असलेला एक आवाज इथे चालतो हे कळणं याचं मोल मला शब्दात सांगता येणार नाही. दक्षिणेला स्कोनेमधे गेलं की मात्र र घशातून येतो आणि हा ड नाहीसा होतो, तिथला गोर्ड मला अजून परका वाटतो.

या वर्गातल्या बाईंनीच मला तो शब्द उलगडून दाखवला. नव्याने आलेल्या लोकांसाठी सरकारचा फुकट भाषेचा वर्ग असतो, एसएफआय म्हणतात त्याला. मी त्यांना बालवाडीच्या दाराची गोष्ट सांगितली तर त्या हसल्या नाहीत. त्यांनी फळ्यावर एक मोठं गोल काढलं आणि म्हणाल्या, हे कुंपण. आता यात काय ठेवायचं ते तुम्ही सांगा. कोणीतरी म्हणालं झाडं. त्यांनी आत झाडं काढली नि खाली लिहिलं ट्रेदगोर्ड, म्हणजे बाग, ट्रेद म्हणजे झाड. द्राक्षाचे वेल काढले, वीनगोर्ड, द्राक्षमळा. शाळा काढली, स्कूलगोर्ड, शाळेचं पटांगण. रुळांच्या रेघा मारल्या, बानगोर्ड, रेल्वेचं यार्ड, गोथेनबर्गला सेवेनेसला ते आहे, तिथे रात्री मालगाड्या लावण्याचा आवाज येतो. चर्च काढलं आणि आजूबाजूला छोटे छोटे दगड, आणि लिहिलं श्युर्कोगोर्ड. कोणी अर्थ विचारला नाही, दगड बघून सगळ्यांना कळला होता. मग त्यांनी आत काहीच काढलं नाही, नुसतं रिकामं गोल ठेवलं, नि म्हणाल्या, हा नुसता गोर्ड, आणि यातलं काय म्हणायचंय ते आपण कुठे उभे आहोत त्यावरून कळतं.

खेड्यात उभं राहून म्हटलं तर शेतघर, जमिनीसकट, गोठ्यासकट. शहरात म्हटलं तर बिल्डिंगच्या मधला चौक. शाळेत म्हटलं तर पटांगण. मी दारात उभी राहून डिक्शनरीतला अर्थ लावत होते, तेव्हा मी कुठे उभी आहे तेवढं बघायला हवं होतं.

आता मी ज्या गोर्डात राहते त्याबद्दल लिहिते, कारण माझं खरं प्रेम तिथे आहे. गोथेनबर्गच्या पश्चिमेला मायोर्ना नावाचा जुना कामगारांचा भाग आहे, बंदराला लागून. तिथली बरीच घरं एका खास पद्धतीची, तळमजला दगडाचा किंवा विटांचा आणि वरचे दोन मजले लाकडाचे. आगीच्या भीतीने लाकडाची घरं दोन मजल्यांपेक्षा उंच बांधायला बंदी होती, तेव्हा १८७०च्या दशकात असा मार्ग काढला की खालचा मजला दगडाचा करायचा, मग वर लाकडाचे दोन चालतील, आणि प्रांताच्या गव्हर्नरने त्याला मंजुरी दिली म्हणून या घरांना आजही गव्हर्नर-घरं म्हणतात, राहिले मात्र त्यात गोदी कामगार आणि गिरणी कामगार. १९४०च्या आसपासपर्यंत ती बांधली गेली. चारी बाजूंनी अशी घरं आणि मधे मोठा चौक, तोच गोर्ड. रस्त्यावरून बघितलं तर तुम्हाला नुसती एक लांब लाकडी भिंत दिसते. एका बोळातून आत गेलं की एकदम झाडं, आभाळ, सायकली, वाळूचा हौद, रुबार्बची मोठाली पानं, मे-जूनमधे सिरेनची जांभळी फुलं आणि त्यांचा वास जिन्यातून वरपर्यंत.

आणि त्या चौकाच्या एका कोपऱ्यात एक लोखंडी चौकट उभी आहे, दोन खांब नि वर आडव्या दांड्या. पहिल्या वर्षी मला वाटायचं मुलांच्या झोपाळ्याची असेल, झोपाळा तुटला असेल. ती गालिचे झटकायची चौकट आहे. गालिचा आडवा टाकायचा आणि वेताच्या झाऱ्यासारख्या झोडप्याने बडवायचा. आता व्हॅक्युम क्लीनर आहेत तरी ती चौकट काढून टाकावी असं कोणी म्हणत नाही. पोरं तिला उलटी लटकतात. वरच्या पट्टीचा रंग तेवढ्याच हाताएवढ्या भागात उडून लोखंड गुळगुळीत, चकचकीत झालंय, सत्तर-ऐंशी वर्षं पोरांचे हात लागून लागून. मी कधीकधी कचरा टाकायला जाताना तिथे हात ठेवून उभी राहते. थंडीत तो लोखंडाचा भाग इतका गार असतो की हात लावला की झिणझिणी येते.

आमच्या खालच्या मजल्यावर एक आजी राहतात, याच गोर्डात जन्मलेल्या. त्या सांगतात की त्यांच्या लहानपणी बाजा वाजवणारे फिरस्ते चौकात यायचे, मधोमध उभे राहून गाणं म्हणायचे, आणि खिडक्यांतून बायका नाणी टाकायच्या. नाणं तसंच टाकलं तर उडून कुठेतरी जाणार, म्हणून कागदात गुंडाळून. पांढऱ्या कागदाच्या पुड्या चारी बाजूंनी खाली पडताना दिसायच्या आणि पोरं त्या वेचून गाणाऱ्याच्या टोपीत टाकायची. हे ऐकताना मला ते अगदी डोळ्यासमोर दिसलं, कारण चाळीत वरून खाली पिशवी सोडून भाजी घेणाऱ्या बायका मी पाहिलेल्या आहेत. चार भिंतींच्या मधे आवाज कसा वर चढतो ते चाळीत राहिलेल्या माणसाला सांगावं लागत नाही.

पण गोर्ड म्हणजे सगळं गोडच होतं असं नाही, आणि हेही लिहायला हवं. जुन्या शहरांमधे, स्टॉकहोमला जास्तच, रस्त्याकडच्या घरात पैसेवाले राहायचे आणि चौकाच्या आत, मागे, जी घरं बांधली ती गरिबांसाठी, त्यांना गोर्डहूस म्हणत. ऊन नाही, हवा नाही, संडास चौकात, कचरा चौकात. एकच पत्ता, एकच दार, पण आत शिरून पुढे किती चालायचं त्यावरून तुमची लायकी ठरायची. आज घराची जाहिरात वाचली तर उलटं झालेलं दिसतं, बेडरूम गोर्डच्या बाजूला आहे असं मुद्दाम लिहितात कारण तिकडे गाड्यांचा आवाज नसतो, शांत झोप लागते. शब्द तोच नि जागाही तीच, फक्त मधल्या काळात संडास घरात आले आणि मागची अंधारी घरं पाडून तिथे झाडं लावली.

वर्षातून दोनदा, वसंतात आणि पानगळीत, गोर्डचा सफाईचा दिवस असतो. जिन्यात नोटीस लागते. सकाळी दहाला सगळे खाली, हातमोजे, पानं ओढायचे दाताळे, कोणी वाळू बदलतं, कोणी बाकांना तेल लावतं, आणि दुपारी सॉसेज भाजून ब्रेडमधे घालून उभ्याउभ्याच खायचे. एरवी लिफ्टमधे शेजारी उभं राहून शब्द न बोलणारी ही माणसं त्या दिवशी बोलतात. मला इथे ओळखी झाल्या त्या ऑफिसात नाही, हातात दाताळं धरून झाल्या.

माझ्या ऑफिसात डालार्ना प्रांतातला एक सहकारी आहे. तो म्हणाला की आमच्याकडे गोर्ड माणसाला नाव देतो. डालार्नामधे खरंच अशी पद्धत आहे, गोर्डचं नाव माणसाच्या नावाच्या आधी लावायचं. समजा गोर्डचं नाव स्मेड्स, म्हणजे लोहाराचा, तर तिथला आन्देर्स हा स्मेड्स आन्देर्स. गावात आन्देर्स दहा असणार, पण स्मेड्सचा एकच. आणि यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट, लग्न करून पुरुष बायकोच्या गोर्डवर राहायला गेला तर त्याला त्या गोर्डचं नाव लागतं. त्याच्या स्वतःच्या खापरपणजोबांचं असंच नाव बदललं होतं. वंश कुठून आला यापेक्षा तू कुठल्या कुंपणाच्या आत राबतोस ते महत्त्वाचं. आपल्याकडे लग्नात नाव बदलतं ते बाईचंच, आणि त्याला आपण 'घर बदलणं' म्हणतो, मी ऐकताना हेच मनात धरून बसले होते.

गोर्ड म्हणजे जमीन, जनावर, माणसं, सगळं मिळून एक. म्हणून कर्जापायी सगळं हातातून जाणं याला स्वीडिशमधे 'गोर्ड नि जमिनीवरून उठणं' असं म्हणतात, आपण देशोधडीला लागणं म्हणतो ना, तेच. दारोदार माल विकत फिरणाऱ्याला शब्द आहे गोर्डफारीहान्डलारे, म्हणजे गोर्ड-गोर्ड फिरणारा व्यापारी. आमच्या पूर्वेला बुरोसच्या आसपासचे लोक यात तरबेज होते, पाठीवर कापडाचं गाठोडं घेऊन सगळ्या देशभर जायचे.

पूर्वी हे गोर्ड गावात एकमेकांना लागून असायचे, भिंतीला भिंत म्हणावी इतके जवळ, आणि शेतं मात्र पट्ट्यापट्ट्यांनी सगळीकडे विखुरलेली. एकेका शेतकऱ्याच्या जमिनीचे कितीतरी तुकडे, चारी दिशांना. आपल्याला हे काही समजावून सांगायला नको, तुकडेबंदी नि एकत्रीकरणाचा कायदा आपल्याकडे १९४७ला करावा लागला तो यासाठीच. स्वीडनमधे अठराव्या शतकाच्या मध्यापासून वेगवेगळ्या पद्धती करून बघितल्या आणि १८२७च्या कायद्याने जोर धरला, प्रत्येकाला जमीन शक्यतो एका जागी द्यायची, आणि जमीन तिकडे तर घरही तिकडेच. मग लाकडी घरं ओंडका ओंडका सुटा करून, खुणा करून, गाड्यांवर लादून नव्या जागी परत उभी केली. पीक वाढलं यात शंका नाही. पण गाव मोडलं. पूर्वी दारातून हाक मारली की शेजारी ओ द्यायचा, आता शेजारच्या खिडकीतला दिवा शेतापलीकडे टिकलीएवढा. स्वीडिश माणूस एकलकोंडा का, असं मला भारतातून नेहमी विचारतात, मी त्याचं एकच कारण सांगणार नाही, पण रेल्वेतून जाताना ते एकेकटे लाल गोर्ड दिसले की मला ती सुटी केलेली घरं आठवतात.

हेल्सिंगलांड प्रांतातले गोर्ड बघायला आम्ही मुद्दाम गेलो होतो. तिथले सात गोर्ड २०१२ला युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेले. अंबाडीसारखं एक पीक, जवसाच्या जातीचं, त्याच्या धाग्याचं कापड, लिनन, आणि जंगल, यातून एकोणिसाव्या शतकात तिथल्या शेतकऱ्यांकडे चांगला पैसा आला, आणि त्यांनी काय केलं तर घरात अशा खोल्या बांधल्या, काही ठिकाणी तर अख्खं वेगळं घर, जे फक्त सण नि लग्नासाठी. भिंती छतापर्यंत रंगवलेल्या, फुलांच्या माळा, खोटे संगमरवरी खांब. वर्षातले बाकीचे दिवस ती खोली बंद. मी त्या खोलीत उभी राहिले तेव्हा भिंतीवरचा निळा रंग अजून ताजा वाटत होता, ऊनच न लागल्याने. आणि बाहेर पाहिलं तर इमारती चौकोनात मांडलेल्या नि मधे अंगण, चौसोपी वाडाच.

गोर्डला राखणदारही असतो. तोमते म्हणतात त्याला, आता तो ख्रिसमसचा लाल टोपीवाला झालाय पण मूळचा तो गोर्डचा, करड्या कपड्यातला छोटासा म्हातारा, गोठ्यात राहणारा, गुरांची काळजी घेणारा. नाताळच्या रात्री त्याच्यासाठी वाटीत तांदळाची खीर ठेवायची, वर लोण्याचा गोळा. एक लोककथा आहे की एका मुलीने मजा म्हणून लोणी खिरीच्या तळाशी लपवलं. तोमतेला वर लोणी दिसलं नाही, तो इतका चिडला की गोठ्यातली सगळ्यात चांगली गाय मारून टाकली. मग परत येऊन खीर खाल्ली तर तळाशी लोणी. तेव्हा तो रडला आणि दूरच्या गोर्डवरून तशीच एक गाय आणून त्याच रात्री बांधली. आमच्या आजोळी, सिंधुदुर्गात, राखणदाराला नारळ ठेवायला विसरलं की मामा असाच अस्वस्थ व्हायचा, त्यामुळे मला ही कथा लेकीला सांगताना एकही गोष्ट समजावून सांगावी लागली नाही.

समुद्रातही गोर्ड आहे. किनाऱ्यासमोर खडकाळ बेटांची जी रांग असते तिला स्वीडिशमधे शेर्गोर्ड म्हणतात, शेर म्हणजे पाण्यातून डोकं काढलेला खडक. खडकांचं कुंपण. स्टॉकहोमच्या बाजूला अशी साधारण ३०,००० बेटं आहेत, आमच्याकडे तेवढी नाहीत पण ट्रामच्या शेवटच्या स्टॉपवर उतरलं की समोर बोट उभी, आणि अर्ध्या तासात तुम्ही स्टिर्सो बेटावर, जिथे खासगी गाड्याच नाहीत, लोक पुढे फळी लावलेल्या मोपेडवर सामान नेतात. वादळाच्या दिवशी मी एकदा तिथे होते. बाहेरच्या बेटांवर लाटा फुटत होत्या, पांढरा फेस पार वर उडत होता, आणि आतलं पाणी नुसतं थरथरत होतं. तेव्हा कळलं त्याला कुंपण का म्हटलंय.

आणि श्युर्कोगोर्ड. नोव्हेंबरच्या सुरुवातीच्या शनिवारी सर्व संतांचा दिवस असतो, तेव्हा लोक कबरींवर मेणबत्त्या लावतात. स्टॉकहोमचं जंगलातलं दफनस्थान, स्कूग्सश्युर्कोगोर्डेन, जगभर माहीत आहे, आस्प्लुंड नि लेवेरेन्ट्स या दोन वास्तुरचनाकारांनी घडवलेलं, १९९४पासून जागतिक वारसा. पण मी जाते ते आमच्या जवळच्या वेस्त्रा श्युर्कोगोर्डेनला. अंधार, पाऊस, आणि जमिनीवर हजारो दिवे. एका कोपऱ्यात नाव नसलेल्यांची जागा आहे, स्मृतिवन, तिथे राख जमिनीत मिसळतात, दगड नाही, नाव नाही, कुठे नेमकी ते घरच्यांनाही सांगत नाहीत. ज्यांची माणसं लांब कुठेतरी गेली तेही तिथेच दिवा लावतात. बाबा गेले तेव्हा मला विमान मिळून पोचायला दोन दिवस लागले, सगळं उरकलं होतं. त्या वर्षीपासून मी तिथे एक दिवा लावते. कोणी विचारत नाही की तुमचं इथे कोण आहे.

आता शब्दाचं मूळ. गोर्ड हा जुन्या नॉर्समधे, म्हणजे स्वीडिशच्या पूर्वज भाषेत, गार्द्र होता, आणि त्याचा पहिला अर्थ कुंपण. तो अर्थ स्वीडिशमधे एका जागी अजून जिवंत आहे, येर्दस्गोर्ड या शब्दात, म्हणजे शेताभोवतीचं लाकडी कुंपण. जोडीजोडीने खांब रोवायचे, त्यांच्या मधे स्प्रूसच्या चिरलेल्या लांब फळ्या तिरक्या घालायच्या, आणि बांधायला खिळा नाही की तार नाही, स्प्रूसच्याच कोवळ्या फांद्या आगीवर गरम करून मऊ झाल्या की पिळून गाठ मारायची. मी हे करताना एका म्हाताऱ्या माणसाला पाहिलं, एका खेड्याच्या जत्रेत. फांदी धुरात धरली, साल तडतडली, वास आला, त्याने मनगटाने एक पीळ दिला नि टोक आत खोचलं. बघताना मला मामा दिसत होता. पावसाआधी वई घालताना तो असाच उकिडवा बसायचा, मेढी रोवून काटेरी फांद्या विणायचा आणि रानवेलीने आवळायचा, ओठ दातात धरून. तीच बसायची पद्धत, तोच मनगटाचा पीळ.

त्याच मुळापासून इंग्रजीचे यार्ड आणि गार्डन आले, रशियन गोरोद नि सर्बियन ग्राद म्हणजे शहर, नोव्हगोरोद, बेलग्रेड. व्हायकिंग लोक कॉन्स्टँटिनोपलला, म्हणजे आजच्या इस्तंबूलला, मिक्लागोर्ड म्हणायचे, मोठा गोर्ड, आणि त्यांच्यातल्या हाल्वदान नावाच्या कोणीतरी तिथल्या आया सोफिया या जुन्या चर्चच्या संगमरवरी कठड्यावर आपलं नाव कोरून ठेवलंय, ते आजही आहे. त्यांच्या पुराणात माणसांच्या जगाचं नाव मिदगोर्ड, मधला गोर्ड. कुंपणाबाहेर राक्षस, आत आपण.

आणि भाषेचे अभ्यासक याच मुळाशी आणखी एक शब्द जोडतात, संस्कृत गृह. गृहचं प्राकृतात घर झालं आणि आपण ते जसंच्या तसं ठेवलं. म्हणजे गोर्ड आणि घर बहिणी आहेत. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. हजारो वर्षांपूर्वी कुठेतरी एकाच कुंपणातून दोन पोरी निघाल्या, एक उत्तरेला आली आणि अंगणातच थांबली, दुसरी दक्षिणेला गेली आणि छपराखाली शिरली. स्वीडिशमधे घराला हूस, हेम असे वेगळे शब्द आहेत, गोर्ड बाहेर राहिला. आपल्याकडे घर आत गेलं आणि बाहेरच्यासाठी आपण अंगण, वाडा, वाडी घेतले. वाडाही मुळात कुंपण घातलेली जागाच. म्हणून नारळाची वाडी, गुरांचा वाडा, सरदाराचा वाडा, सगळे एकाच शब्दात बसतात, आणि १९७५नंतर सरकारने गावोगाव मुलांसाठी जे सुरू केलं त्याचं नाव अंगणवाडी. माझ्या लेकीच्या बालवाडीच्या दारावर मराठीत लिहायचं झालं असतं तर हाच शब्द पुरला असता.

मग मी आपल्या घर या शब्दाकडे नीट बघायला लागले. चष्म्याचं घर. बुद्धिबळाच्या पटावरचं घर. पत्रिकेतलं सातवं घर. यात कुठे छप्पर आहे? भिंत नाही, दार नाही, नुसती रेघ आहे, आणि रेघेच्या आत जे आहे ते घर. जुना अर्थ आपल्याकडेही गेला नव्हता, तो पटावर आणि पत्रिकेत बसून राहिला होता.

गेल्या उन्हाळ्यात आई तीन महिने इथे होती. पहिल्या दिवशी बोळातून आत आली, चौकात उभी राहिली, वर बघितलं, म्हणाली, "अगं हे तर आपलं खळंच की गं." आजोळी घरापुढच्या सारवलेल्या अंगणाला खळं म्हणतात. मग ती रोज संध्याकाळी खालीच बसायला लागली, स्वेटर घालून, खालच्या आजींशेजारी, दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नाही तरी.

एका संध्याकाळी मी वरून बघत होते. साडेनऊ वाजले होते नि अजून चांगलं ऊन होतं. लेकीने नि शेजारच्या पोरींनी खडूने फरशीवर चौकोन आखले होते, लंगडी घालत ठिकरी पुढे सरकवायचा खेळ, तो इथेही तसाच. स्वीडिशमधे त्याला हागे म्हणतात, आणि हागे म्हणजेसुद्धा कुंपण घातलेलं कुरण. आई उठली, साडी जराशी वर खोचली, वाळूच्या हौदातून एक चपटा दगड शोधून आणला.

"आज्जी, तू कुठल्या हागेत टाकणार?"

"तिसऱ्या घरात," आई म्हणाली, आणि दगड टाकला. तो घरंगळत रेघेवर जाऊन थांबला, आणि तो आत की बाहेर यावर चौघी खाली वाकून बघत राहिल्या.